चंद्रपूर : परकोट, रूळ आणि संग्रहालये

स्थान

विदर्भाच्या पूर्व भागात, इरई आणि झरपट या नद्यांच्या संगमाजवळ चंद्रपूर वसले आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख २० हजार होती आणि त्याच वर्षी नगरपरिषदेचे रूपांतर महानगरपालिकेत झाले. १९६० च्या दशकापर्यंत शहर आणि जिल्हा दोन्हींचे अधिकृत नाव चांदा होते. नाव बदलले, तरी शहरातील एक रेल्वे स्थानक आजही ‘चांदा फोर्ट’ म्हणूनच ओळखले जाते. जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला वर्धा नदी वाहते, तर पूर्वेला वैनगंगा. वैनगंगेपलीकडचा वनप्रदेश २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. दोन्ही नद्या पुढे एकत्र येऊन प्राणहिता होतात आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते.

या भूमीच्या पोटात दगडी कोळसा आणि जीवाश्म आहेत, पाठीवर साग आणि बांबू, आणि काही टेकड्यांत लोहखनिज. शहराचा इतिहास, रेल्वे आणि संग्रहालये हे तीन विषय वरवर वेगळे दिसतात. परंतु या प्रदेशातून काय बाहेर गेले आणि कोणत्या वाटेने गेले, या एका प्रश्नाच्या अनुषंगाने पाहिले तर ते एकमेकांत गुंतलेले आढळतात.

परकोट

चंद्रपूरचा किल्ला डोंगरी नाही. सपाट जमिनीवर वसलेल्या संपूर्ण नगराभोवती बांधलेली ती दगडी तटबंदी आहे आणि स्थानिक बोलीत तिला परकोट म्हणतात. तिचा घेर सुमारे ११ किलोमीटर आहे. उत्तरेस जटपुरा, दक्षिणेस पठाणपुरा, पूर्वेस अंचलेश्वर आणि पश्चिमेस बिनबा असे चार दरवाजे आहेत. त्यांच्या जोडीला बगड, हनुमान, विठोबा, चोर, मसण या नावांच्या लहान वाटा असून त्यांना खिडक्या म्हटले जाते. दरवाजांवर हत्तीवर मात करणाऱ्या सिंहाचे शिल्प कोरलेले दिसते. ते गोंड राजघराण्याचे चिन्ह होय.

स्थापनेची कथा खांडक्या बल्लाळशाह या राजाशी जोडलेली आहे. अंगावरील व्याधीने त्रस्त असलेल्या या राजाला झरपटेच्या पात्रातील पाण्याने गुण आला, पुढे तेथेच अंचलेश्वराचे देऊळ झाले, आणि एका सशाने शिकारी कुत्र्याला ज्या मार्गाने झुलवले त्या मार्गावरून राणीच्या सल्ल्याने तट आखला गेला, असे परंपरा सांगते. ससा आणि कुत्र्याची कथा भारतातील इतर काही नगरांच्या बाबतीतही सांगितली जाते, त्यामुळे तिला इतिहासाचा पुरावा मानता येत नाही. तटाची रेषा वेडीवाकडी का, याचे अधिक साधे स्पष्टीकरण नद्यांच्या प्रवाहात सापडते. दोन बाजूंनी इरई आणि झरपट यांचे पात्र संरक्षणाला उपयोगी पडावे, अशी ती रेषा आहे. बांधकाम एका राजाच्या कारकिर्दीत संपले नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या चालले.

तटाचा उपयोग शत्रूप्रमाणेच पुराविरुद्धही होत असे, मात्र त्यालाही मर्यादा होत्या. इरईला मोठा पूर आला आणि वर्धा नदीही भरलेली असली, की पाणी मागे सरकते आणि सखल वस्त्यांत शिरते. आजही पावसाळ्यात पठाणपुरा दरवाजाबाहेरचा भाग पाण्याखाली जाण्याचे कारण हेच.

सत्तांतरे

गोंड राज्याच्या शेवटच्या भरभराटीच्या काळात, म्हणजे अठराव्या शतकाच्या प्रारंभी, राणी हिराई यांचे नाव ठळकपणे येते. पती बीरशाह यांच्या मृत्यूनंतर त्यांनी राज्यकारभार सांभाळला, अंचलेश्वराजवळ पतीची समाधी बांधली आणि महाकालीचे मंदिर उभारले. चैत्रात भरणाऱ्या महाकालीच्या यात्रेला मराठवाडा आणि तेलंगणातून भाविक येतात. नांदेडकडचे यात्रेकरू तर या यात्रेचा कणाच. हिराईंनंतर गादीवर आलेल्या रामशाह यांच्या नावाशी परकोटातील रामाळा तलाव जोडला जातो.

अठराव्या शतकाच्या मध्यावर नागपूरकर रघूजी भोसले यांनी चांदा घेतले. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा लावून तटाला खिंडार पाडले आणि शहर जिंकले. नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर १८५४ पासून चांदा थेट कंपनीच्या अमलाखाली गेले. चारच वर्षांनी बाबूराव शेडमाके यांनी या प्रदेशात उठाव केला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांदा येथील कारागृहात त्यांना फाशी देण्यात आली.

इंग्रजांच्या दृष्टीने चांदा हे दूरच्या कोपऱ्यातील, पण कच्च्या मालाने समृद्ध ठाणे होते. अडचण वाहतुकीची होती.

फसलेला जलमार्ग

रेल्वेपूर्वी नदीचा विचार झाला. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात धरण बांधणारे अभियंते आर्थर कॉटन यांचे मत असे, की गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्या नौकानयनयोग्य केल्यास वऱ्हाड-विदर्भाचा कापूस पूर्व किनाऱ्यावरील बंदरापर्यंत स्वस्तात पोहोचेल. १८६० च्या दशकात या योजनेवर मोठा खर्च झाला. मार्गात खडकाळ पात्राचे तीन अडथळे होते. दुम्मागुडेम आणि एंचमपल्ली हे गोदावरीवर, तर देवलमरी हा प्राणहितेवर. तेथे बंधारे आणि बगल-कालवे काढून नावा खडक टाळून पुढे न्याव्यात, अशी रचना होती. याच काळात सिरोंचा हे ‘अप्पर गोदावरी’ नावाच्या जिल्ह्याचे मुख्यालय झाले. आज राज्याच्या अगदी टोकाला असलेल्या या गावात इंग्रजकालीन बंगले का, याचे उत्तर या योजनेत आहे.

मूळ दोष पाण्याचा होता. पावसाळ्यात प्रवाह इतका वेगवान की नाव आवरत नाही. उन्हाळ्यात पात्र इतके उथळ की नाव तरंगत नाही. उपयोगाचे महिने मोजकेच उरत. दरम्यान मुंबईकडून आलेली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली होती आणि कापसाला पश्चिमेची वाट मिळाली होती. १८७१ मध्ये योजना सोडून देण्यात आली. १८७४ मध्ये अप्पर गोदावरी जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्याची तहसील झाले. एखाद्या प्रदेशाचे प्रशासकीय महत्त्व वाहतुकीच्या एका निर्णयावर किती अवलंबून असते, हे याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण विदर्भात क्वचितच मिळेल.

कोळसा आणि पहिला लोहमार्ग

जलमार्ग सोडला त्याच सुमारास वरोरा येथे सरकारी कोळसा खाण सुरू झाली. वर्धा खोऱ्यातील कोळसा पर्मियन कालखंडातला, म्हणजे साधारण २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा. तो बाराकर नावाच्या खडकसमूहात सापडतो आणि त्यावर बहुतेक ठिकाणी कामठी वालुकाश्माचे आवरण असते. टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांनी केलेला या क्षेत्राचा भूशास्त्रीय अहवाल १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला.

मुंबई-नागपूर मार्गावरील इंजिनांना तोवर दुरून आणलेला कोळसा लागे. म्हणून वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत सरकारी लोहमार्ग टाकला गेला. त्याचे नावच ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ असे होते. हिंगणघाट ही कापसाची मोठी बाजारपेठ असल्याने एकाच मार्गाने कोळसा आणि कापूस दोन्ही वाहिले गेले. हा मार्ग चांदा शहरापर्यंत आणावा, असे मात्र कोणाला तेव्हा वाटले नाही. जिल्ह्याचे मुख्यालय पुढील तीस वर्षे रुळांपासून दूर राहिले, कारण मार्गाचा शेवट खाणीने ठरवला होता.

वर्धा खोऱ्यातील कोळशाला हवा लागली की तो आपोआप तापून पेट घेण्याची शक्यता असते. वरोऱ्याच्या भूमिगत खाणीला आगीचा वारंवार त्रास झाला आणि १९०६ मध्ये ती बंद झाली. तत्पूर्वीच बल्लारपूर येथे नवी खाण उघडली होती, आणि तिच्यासाठी रूळ वरोऱ्याहून भांदक व चांदामार्गे बल्लारपूरपर्यंत (स्थानकाचे नाव बल्लारशाह) वाढवण्यात आले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चंद्रपूरला मिळालेली रेल्वे ही अशी एका खाणीकडून दुसऱ्या खाणीकडे जाताना वाटेत मिळालेली रेल्वे आहे.

लोहारा, वरोरा आणि नागपूरचा नकाशा

या प्रदेशाच्या इतिहासात रेल्वे, खनिज आणि संग्रहालय यांचा सर्वांत विलक्षण मिलाफ टाटांच्या पोलाद प्रकल्पाच्या पूर्वकथेत आहे. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्‌झ या तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोहखनिजाविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. सिंदेवाहीच्या बाजूच्या लोहारा येथील टेकडीत उत्तम प्रतीचे खनिज असल्याचे त्यात नमूद होते. नागपुरात कापड गिरणी चालवणारे जमशेदजी टाटा यांच्या वाचनात तो आला. खनिज लोहाऱ्याला, कोळसा वरोऱ्याला आणि वरोऱ्यापर्यंत रेल्वे आलेली, असा सारा योग कागदावर जुळून आला होता.

तो कोळशाच्या गुणधर्मापाशी अडला. लोखंडाच्या झोतभट्टीत कोळसा जसाच्या तसा वापरता येत नाही. हवेशिवाय तापवून त्याचा कोक करावा लागतो. हा कोक सच्छिद्र हवा, म्हणजे वायू त्यातून खेळतो. आणि टणक हवा, म्हणजे वरच्या खनिजाच्या भाराने चुरा होत नाही. काही कोळसे तापवल्यावर वितळून एकजीव होतात आणि असा कोक देतात. वर्धा खोऱ्यातील कोळसा त्या जातीचा नाही. बाष्पकासाठी तो चालतो, झोतभट्टीसाठी नाही. जमशेदजींनी नमुने जर्मनीत तपासून घेतले आणि निष्कर्ष प्रतिकूल आला. खाणपट्ट्यांच्या सरकारी अटीही जाचक होत्या. प्रकल्प बाजूला पडला.

विसाव्या शतकाच्या आरंभी नियम शिथिल झाले आणि लोहाऱ्याची पाहणी पुन्हा झाली. अमेरिकी भूशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड यांनी जंगल तुडवून पाहणी केली. खनिज चांगले, पण साठा अपुरा आणि जवळ कोकयोग्य कोळसा नाही, असा निष्कर्ष निघाला. प्रकल्प सोडत असल्याचे सांगण्यासाठी दोराबजी टाटा नागपूरच्या सचिवालयात गेले. अधिकारी भेटेपर्यंत वेळ होता म्हणून ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तेथे मध्य प्रांताचा एक रंगीत भूशास्त्रीय नकाशा होता आणि त्यात दुर्ग जिल्ह्यावर लोहखनिजाची दाट खूण होती. ती नोंद भारतीय भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांच्या पाहणीतून आली होती. वेल्ड आणि मंडळी तिकडे गेली आणि डल्ली-राजहऱ्याच्या टेकड्या पुढे आल्या. कारखाना तेथेही झाला नाही. बोस यांच्याच माहितीवरून मयूरभंजचे खनिज निवडले गेले, १९०७ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि साकचीत, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, भट्ट्या उभ्या राहिल्या. डल्ली-राजहऱ्याचे खनिज पुढे भिलाईच्या कारखान्याला मिळाले.

या प्रसंगात नशिबाचा भाग जितका सांगितला जातो तितका तो नसावा. ज्या घराण्याने वीस वर्षे चांद्याचे दगड आणि कोळसा तपासून पाहिला होता, त्यातील माणसालाच नकाशावरील त्या रंगाचा अर्थ लागू शकत होता. संग्रहालयाचे कामही यात नेमके दिसते. विखुरलेली निरीक्षणे एका ठिकाणी, वाचता येतील अशा रूपात ठेवणे, हे ते काम.

अरुंद रूळ

पूर्वेकडून दुसरी रेल्वे आली ती बंगाल नागपूर रेल्वे कंपनीची. गोंदियाहून वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल या मार्गाने ती चांदा फोर्टपर्यंत पोहोचली. नागभीडहून एक फाटा भिवापूर, उमरेडवरून नागपूरला गेला. हे सर्व काम विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत झाले.

हा मार्ग नॅरोगेज होता. दोन रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजच्या निम्म्याहून कमी. अंतर कमी असले की वळणे अधिक तीव्र घेता येतात, भराव आणि पूल लहान चालतात, जंगल कमी तोडावे लागते. एकूण खर्च पुष्कळ घटतो. धान, लाकूड, बांबू आणि तेंदूपाने यांसारख्या मालाला तेवढी क्षमता पुरेशी होती. तोटा संगमाच्या ठिकाणी दिसे. दोन वेगळ्या मापांचे रूळ जेथे भेटतात तेथे प्रत्येक पोते आणि प्रत्येक ओंडका एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावा लागतो. चंद्रपूर शहरात दोन कंपन्या, दोन मापे आणि दोन स्थानके अशी स्थिती होती. गोंदिया-बल्लारशाह मार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला, त्यामुळे मापाचा प्रश्न सुटला. स्थानके मात्र दोनच राहिली: मध्य रेल्वेचे चंद्रपूर आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे चांदा फोर्ट. नवख्या प्रवाशाचा गोंधळ होतो तो येथेच.

नागपूर-नागभीड हा शंभराहून थोड्या अधिक किलोमीटरचा फाटा सर्वांत उशिरापर्यंत अरुंद राहिला. रूपांतरासाठी तो नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद करण्यात आला.

१९२९ चा जोड

बल्लारशाह हे दीर्घकाळ शेवटचे स्थानक होते. दक्षिणेला वर्धा नदी आणि तिच्यापलीकडे निजामाचे राज्य. आजचा राजुरा तालुका तेव्हा हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. निजामाच्या रेल्वेने काझीपेठहून उत्तरेकडे मार्ग टाकत आणला, आणि १९२९ मध्ये तो बल्लारशाहला जुळला. या एका जोडामुळे दिल्ली आणि मद्रास यांच्यात थेट मार्ग तयार झाला. त्याच वर्षी सुरू झालेली ग्रँड ट्रंक एक्सप्रेस प्रारंभी पेशावरहून मंगळूरपर्यंत धावे. खाणीसाठी टाकलेला फाटा देशाच्या उत्तर-दक्षिण मुख्य मार्गाचा मधला दुवा बनला.

स्थानक म्हणून बल्लारशाहचे वैशिष्ट्य या इतिहासातून येते. वर्धा-बल्लारशाह मार्गावर गाड्या चालवणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची पुढे मध्य रेल्वे झाली, निजामाच्या रेल्वेचा हा भाग १९६६ पासून दक्षिण मध्य रेल्वेत आहे, आणि बंगाल नागपूर रेल्वेचा वारसा आज दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे आहे. तिन्ही विभाग बल्लारशाहला भेटतात. संस्थान विलीन झाले, राजुरा महाराष्ट्रात आला. तरी जुनी राजकीय सीमा रेल्वेच्या विभागीय हद्दीच्या रूपाने टिकून आहे. गाडीच्या चालक दलाची बदली, इंधन-पाण्याची सोय, खानपान यांमुळे या गावाला रेल्वेची वस्ती म्हणून स्वतंत्र ओळख मिळाली.

रुळांवरचा माल

आज या मार्गांवरील मालवाहतुकीत कोळशाचा वाटा ठळक आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींतील कोळसा ताडाळी-घुग्गुस, माजरी-वणी अशा फाट्यांवरून निघतो. चंद्रपूर औष्णिक विद्युत केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. ते खाणीजवळ उभारण्यामागे हेच सूत्र आहे, की कोळसा दूर नेण्यापेक्षा वीज दूर नेणे सोयीचे. इरई धरणाचे पाणी त्याला मिळते. लाभ राज्याला होतो, राख आणि धूळ मात्र शहराच्या वाट्याला येते. हवेच्या प्रदूषणाबाबत चंद्रपूरचे नाव वारंवार घेतले जाते, त्याचे हे प्रमुख कारण.

दुसरा माल लाकूड. आलापल्ली परिसरातील साग उच्च प्रतीचा समजला जातो आणि बल्लारपूरचे वन विभागाचे आगार हे त्याचे विक्रीकेंद्र आहे. अयोध्येतील राममंदिराच्या दरवाजांसाठी मार्च २०२३ मध्ये येथूनच सागवान रवाना झाले. बल्लारपूरचा कागद कारखानाही बांबू, पाणी, कोळसा आणि रेल्वे या चौघांच्या जवळिकीतून उभा राहिला.

वन आणि रेल्वे

गोंदिया-बल्लारशाह मार्ग ब्रह्मपुरी ते चंद्रपूर या पट्ट्यात दाट वनातून जातो. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातून बाहेर पडणारे वाघ पूर्वेकडे, वैनगंगेच्या दिशेने सरकताना हे रूळ ओलांडतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये जुनोना वनक्षेत्रात वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली सापडून मृत्युमुखी पडले. नॅरोगेजच्या काळात गाड्यांचा वेग कमी होता. रुंद रूळ, अधिक वेग आणि रात्रीची वाहतूक यांमुळे तोच मार्ग प्राण्यांसाठी अधिक धोकादायक झाला. वेगमर्यादा, भुयारी मार्ग आणि उन्नत रूळ हे उपाय सुचवले जातात. पहिला स्वस्त आहे पण पाळला गेला तरच उपयोगी. उरलेले दोन परिणामकारक आहेत पण महाग.

गडचिरोलीतील एकमेव स्थानक

क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील मोठ्या जिल्ह्यांत गणल्या जाणाऱ्या गडचिरोलीला दीर्घकाळ एकच रेल्वे स्थानक होते: वडसा, म्हणजे देसाईगंज. तेही जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, गोंदियाकडे जाणारा मार्ग वैनगंगा ओलांडतो तेथे. वडसा ते गडचिरोली या सुमारे ५० किलोमीटरच्या नव्या मार्गाचे काम हाती घेण्यात आले आहे. वनजमिनीच्या परवानग्या आणि वन्यजीवांसाठीच्या रचना यांमुळे ते रेंगाळले. जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित असल्याने हा प्रश्न टाळता येणारा नव्हता.

एटापल्ली तालुक्यातील सुरजागड टेकडीवर २०२१ पासून मोठ्या प्रमाणात लोहखनिज काढले जाऊ लागले आणि ते प्रारंभी मालमोटारींनी रस्त्यानेच वाहिले गेले. त्या वाहतुकीचा रस्त्यांवर आणि गावांवर पडलेला ताण हा स्थानिक असंतोषाचा विषय झाला. रेल्वेची मागणी येथे प्रवासी आणि खनिज अशा दोन्ही बाजूंनी होते. आखणी कोणाच्या सोयीने होईल, हे वरोऱ्याच्या उदाहरणाशी ताडून पाहण्यासारखे आहे.

नागपूरला गेलेले दगड

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, लोकभाषेत अजब बंगला, १८६३ मध्ये स्थापन झाले. मध्य प्रांताची राजधानी नागपूर असल्याने चांदा जिल्ह्यातील महत्त्वाच्या पुरावस्तू तेथे जमा झाल्या. नागभीडजवळच्या देवटेक येथील शिलालेख हे त्यांतील ठळक उदाहरण. एकाच शिळेवर दोन लेख आहेत: एक मौर्यकालीन ब्राह्मीतील, दुसरा वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या काळातील. दुसरा लेख कोरताना पहिल्याला धक्का लागला आहे.

वस्तू राजधानीत आणण्याचा लाभ असा, की त्या सुरक्षित राहतात आणि तुलनेने अभ्यासता येतात. हानी संदर्भाची होते. देवटेकचे देऊळ, शेजारचे तळे, वाट आणि गाव यांच्यापासून शिळा वेगळी झाली की ती केवळ अक्षरांचा दगड उरते.

जीवाश्मांचे खोरे

प्राणहिता-गोदावरी खोरे हे भूकवचाच्या खचलेल्या पट्ट्यात गाळ साचून तयार झाले. म्हणून येथे अनेक कालखंडांचे थर एकावर एक मिळतात. नागपूरचे धर्मप्रचारक आणि भूशास्त्राचे अभ्यासक स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या थरांकडे लक्ष वेधले. मांगली येथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन लंडनमध्ये रिचर्ड ओवेन यांनी केले आणि तिला ब्रॅकिऑप्स हे नाव दिले.

वरोरा तालुक्यातील पिसदुरा हे स्थळ डायनोसॉरच्या अश्मीभूत विष्ठेसाठी जगभर परिचित आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण आढळले. गवत डायनोसॉरच्या अस्तानंतर उत्पन्न झाले, ही तोवरची समजूत त्यामुळे बदलावी लागली. पिसदुऱ्याच्या शेतांत पडलेल्या गोळ्यांनी वनस्पतींच्या इतिहासाचे एक पान नव्याने लिहायला लावले, हे जिल्ह्याबाहेरच काय, जिल्ह्यातही फार जणांना ठाऊक नसते.

दक्षिणेकडे सिरोंचा तालुक्यात कोटा नावाचे गाव आहे आणि त्याच्या नावाने ज्युरासिक काळातील खडकसमूह ओळखला जातो. याच खोऱ्यातील कोटा थरांत बारापासॉरस हा महाकाय शाकाहारी डायनोसॉर सापडला. रवींद्रनाथांच्या स्मरणार्थ त्याच्या जातीला ‘टागोरी’ हे नाव मिळाले आणि त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. सिरोंचाजवळील वडधम येथे मात्र वन विभागाने जीवाश्म उद्यान करून अश्मीभूत वृक्षखोडे जागेवरच राखली आहेत. जागेवरच्या संग्रहालयाचा गुण हा, की थर, उतार आणि वस्तू एकत्र दिसतात. त्याचा दोष अंतराचा. चंद्रपूरहून तेथे जायला जवळजवळ संपूर्ण गडचिरोली जिल्हा ओलांडावा लागतो आणि वाटेत रेल्वे नाही.

छताविना संग्रह

चंद्रपूरचा बराचसा वारसा इमारतीत नाही. परकोट, गोंड राजांच्या समाध्या, लालपेठचे अर्धवट राहिलेले प्रचंड एकाश्म पुतळे, भद्रावतीची विजासन बौद्ध लेणी, आणि वैनगंगेच्या काठावरील मार्कंडा मंदिरसमूह ही सगळी उघड्यावरची स्थळे. मार्कंड्याच्या मुख्य मंदिराचे शिखर वीज पडून भंगले होते. १८७० च्या दशकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी या समूहाची नोंद घेतली. संरक्षित स्मारक म्हणून घोषणा झाली तरी झुडुपांची मुळे थांबत नाहीत. २०१७ मध्ये इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी परकोटावरील झाडोरा आणि कचरा काढण्याची मोहीम हाती घेतली, तेव्हा अनेक चंद्रपूरकरांना तटावरून सलग चालता येते हे प्रथमच कळले.

रेल्वेचे जतन

रेल्वेची इंजिने घडवणारे शहर म्हणून स्वित्झर्लंडचे विंटरथूर या विषयातील जाणकारांना परिचित आहे. चंद्रपूरहून कमी लोकसंख्येच्या त्या शहरात १८७१ मध्ये इंजिनांचा कारखाना निघाला. मुंबईच्या घाटांसाठी १९२८ च्या सुमारास आलेली, ‘खेकडा’ या टोपणनावाने ओळखली जाणारी विद्युत इंजिने त्याच कारखान्याशी संबंधित होती, आणि त्यांतील एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. ती ज्या कंपनीने घेतली, तिच्याच गाड्या वर्धा-बल्लारशाह मार्गावर धावत. पण विंटरथूरने इंजिने घडवली, चंद्रपूरने रेल्वेला कोळसा पुरवला. जे जळून जाते ते संग्रहालयात ठेवता येत नाही, त्यामुळे खाणीच्या गावाचा रेल्वे-इतिहास वस्तूंपेक्षा कागदपत्रांतून शोधावा लागतो.

अरुंद रुळांचे नशीब थोडे बरे. नागपूरच्या मोतीबाग येथे डिसेंबर २००२ मध्ये नॅरोगेज रेल्वे संग्रहालय सुरू झाले. तेथे जुनी इंजिने, डबे, सिग्नलची उपकरणे आणि कंदील ठेवलेले आहेत. नागभीड, उमरेडच्या मार्गांवर असाच सरंजाम वापरात होता. चंद्रपूर आणि बल्लारशाह स्थानकांच्या भिंती मात्र वेगळ्या कारणाने गाजल्या. ताडोबातील वन्यजीव आणि आदिवासी कला यांची चित्रे स्थानिक कलावंतांनी तेथे रंगवली, आणि २०१८ मध्ये रेल्वे मंत्रालयाच्या स्थानक सुशोभीकरण स्पर्धेत दोन्ही स्थानकांना मिळून देशात पहिला क्रमांक मिळाला.